फुगोबाचं दार

रेक्टरबाईंना दार हवं होतं. मागणी म्हटली तर एवढीशीच. मुलींच्या वसतिगृहात त्यांनी उभी हयात काढली, कुलपं-कड्या सांभाळण्यात केस पांढरे केले, आणि म्हातारपणी लेकाकडे राहायला आल्या तर त्यांच्या स्वतःच्या खोलीलाच दार नव्हतं. दाराच्या जागी एक देखणी कमान होती.

लेक आर्किटेक्ट. भिंत दिसली की त्याच्या कपाळाला आठी पडायची. घर कसं वाहतं हवं, असं तो म्हणायचा, आणि सून त्याच्याच ऑफिसात असल्यामुळे घरीही त्याचीच री ओढायची. आता वाहत्या घरात माणसानं पाय ताणून कुठे पडायचं, गेलेल्या नवऱ्याची आठवण आली तर कुठे रडायचं, हे काही त्याच्या नकाशात बसत नव्हतं. गिऱ्हाइकं घर बघायला आली की "आणि हा आईचा कोपरा" असं म्हणत तो त्यांना थेट पलंगापर्यंत आणायचा. त्यामुळे रेक्टरबाईंना भल्या सकाळी चादर ताठ करून, केस विंचरून शोकेसमधल्या बाहुलीसारखं बसावं लागे. निदान पडदा तरी लाव, असं त्यांनी सुचवून पाहिलं. पडद्यानं उजेड मरतो, असं उत्तर मिळालं.

हे घोंगडं दोन वर्षं असं भिजत पडलेलं असताना नातीच्या वाढदिवसाला घरात हॅमस्टर आला. मुठीत मावेल एवढा, बदामी रंगाचा. दाणे गालांत कोंबून बसायचा म्हणून नातीनं त्याचं नाव फुगोबा ठेवलं.

दुकानदारानं साधा पिंजरा, भुशाची पिशवी आणि लपायला एक लाकडी खोका देऊ केला होता. लेकानं सगळ्यालाच नाक मुरडलं. आपल्या घरात असलं खुराडं शोभेल का? त्यानं ऑफिसातली माणसं कामाला जुंपली आणि फुगोबासाठी तीनमजली काचमहाल उभा केला. चारी बाजूंनी आरपार, वर गोल झरोका, आत वळणदार जिना. भुसा नावाला चिमूटभर, कारण जास्त घातला की पांढरी फरशी झाकली जायची. महाल दिवाणखान्याच्या मधोमध विराजमान झाला. हॅमस्टर दिवसा झोपतो, हे दुकानदारानं बजावून सांगितलं होतं. पण गिऱ्हाइकं दिवसाच येणार, म्हणून लेक काचेवर टिचक्या मारून त्याला उठवायचा.

फुगोबानं आधी कोपरे उकरून पाहिले. फरशी काही उकरेना. मग तो जिन्याखाली तोंड खुपसून, बूड साऱ्या जगाला दाखवत बसू लागला. रेक्टरबाई समोरच्या खुर्चीतून बघायच्या आणि मनात म्हणायच्या, बाबा रे, तुझं तोंड तरी लपतंय.

थोड्याच दिवसांत त्यानं खाणं टाकलं, पोटावरचे केस झडले. तशातच लेक एका बड्या गिऱ्हाइकासमोर त्याला तळहातावर घ्यायला गेला, आणि फुगोबानं बोटात असे दात रुतवले की त्या पांढऱ्या फरशीला पहिल्यांदाच थोडा रंग आला. गिऱ्हाईक घड्याळ बघत निघून गेलं. फुगोबा मरणार का, एवढंच नात रडत रडत विचारत राहिली.

मग सगळी वरात प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. तो राहतो कुठे, असं त्यांनी विचारल्यावर लेकानं कौतुकाच्या आशेनं मोबाइलवर महालाचे फोटो दाखवले. डॉक्टरीणबाईंनी ते बघून चष्मा काढून ठेवला.

"आजार काही नाही," त्या म्हणाल्या. "याला लपायला जागा नाही. भरपूर भुसा घाला, आत बिळं करता आली पाहिजेत. चारी बाजूंनी बंद असं अंधारं घर द्या, त्याला छोटंसं दार ठेवा. दिवसा उठवू नका. हातावर घ्यायची घाई नको, तो आपणहून येईल. सारखं सगळ्यांच्या नजरेखाली ठेवलं की कुठलाही जीव असाच खंगतो."

लेकानं मान डोलावली. त्यानं इतक्या भक्तिभावानं आजवर कुणाचं ऐकलेलं रेक्टरबाईंना आठवत नव्हतं. परतताना गाडीत त्याचं तेच चालू होतं. आडोसा ही जिवाची मूलभूत गरज आहे, आपल्या कसं लक्षात आलं नाही, यावर एक लेखच लिहायला हवा. मागच्या सीटवर फुगोबाचा डबा मांडीवर धरून रेक्टरबाई ऐकत होत्या. त्यांना हसू येत होतं. आपण ज्यासाठी दोन वर्षं तोंड वेंगाडतोय ते या उंदराच्या भाऊबंदाला एका दुपारीत मिळालं, याचा त्यांना चक्क मत्सरही वाटला.

दुसऱ्याच दिवशी सुतार आला. त्यानं उतरत्या छपराचं घरकुल बनवलं, त्याला बिजागरीवरचं इवलंसं दार बसवलं. नातीनं महालात भुशाचा ढीग घातला. फुगोबा घरकुलात शिरला तो शिरलाच; संध्याकाळी फक्त दाण्यांची वाटी रिकामी सापडली. नात आनंदानं नाचली. सुतार हत्यारं आवरायला लागला, तेव्हा रेक्टरबाई आपल्या कमानीत जाऊन उभ्या राहिल्या.

"जाण्याआधी याचंही माप घ्या," त्या म्हणाल्या.

लेक हसला. "आई, पुन्हा तेच? अगं, आपल्याच घरात, आपल्याच माणसांपासून काय लपवायचंय?"

"फुगोबाला काय लपवायचं होतं?" रेक्टरबाईंनी शांतपणे विचारलं. "दोन वर्षं मी नीट शब्दांत मागतेय. दार मागून मिळत नाही, चावून मिळतं, हे मला ठाऊक नव्हतं."

लेकाचा हात नकळत पट्टी बांधलेल्या बोटाकडे गेला. तो म्हणाला की ठीक आहे, दार करू, पण काचेचं. दुधी काच लावली म्हणजे उजेडही राहील.

रेक्टरबाईंनी ओठ मागे घेऊन त्याला दात दाखवले. या वयातही सगळे स्वतःचे होते. सुतारानं कानामागची पेन्सिल काढली.

"लाकडाचंच करतो," तो लेकाकडे न बघता म्हणाला.

दार बसलं त्या सकाळी रेक्टरबाईंनी आतून कडी घातली, ओढून खात्री केली आणि पलंगावर आडव्या झाल्या. चादर चुरगळली, ती चुरगळू दिली. नवरा गेल्यापासून साठलेलं रडू त्यांनी एकदाचं पोटभर रडून घेतलं, आणि का रडतेस म्हणून कुणी विचारायला आलं नाही.

बाहेर नवं गिऱ्हाईक आलं होतं. "आणि हा आईचा" एवढं म्हणून लेक बंद दारापाशी थबकला. दार वाजवायला त्यानं हात उचलला. महालाजवळ नात तळहातावर दाणा धरून फुगोबाची वाट बघत बसली होती. तिनं मानही वळवली नाही.

"बाबा, नको," ती हळूच म्हणाली. "त्रास दिला की आजी चावते."