हिरवीचं बाळंतपण

“आत कशाला येतेस? जरा बस तिकडं सावलीत,” कासवमामा म्हणाले.

सर्पोद्यानात सगळे त्यांना कासवमामाच म्हणत. हौदातली कासवं त्यांच्याकडे होती, आणि त्यांची चालही कासवांसारखीच होती. आज मात्र ते भलत्याच चपळाईने मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले होते.

ती रजेनंतर आज पहिल्यांदाच कामावर आली होती. तिच्या ताब्यातला काचेचा पिंजरा रिकामा होता.

“मामा, माझी हिरवी कुठाय?”

हिरवी म्हणजे हरणटोळाची मादी. वेलीसारखी बारीक, फांदीवर डुलत राहिली तर पान कुठलं आणि साप कुठला कळू नये अशी. तिचे विषाचे दात जबड्यात पार मागे, दाढांच्या जागी. बघायला आलेली माणसं दचकली की ती काचेवर बोट ठेवून सांगायची, “तुम्ही पाल असाल तर घाबरा!”

हरणटोळ अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देतो. हिरवीचं पोट दिसू लागलं तेव्हा तिचं स्वतःचंही दिसत होतं. “दोघींचं बरोबरच होणार बघ,” मामा हसले होते, “दुपट्यांचा खर्च मात्र हिरवीलाच जास्त.”

मग सातव्या महिन्यात तिचं बाळ गेलं. इस्पितळात ती शुद्धीवर आली तोवर सगळी आवराआवर होऊन गेली होती. “बघू नकोस गं, मग डोळ्यांपुढून हलायचं नाही,” सासूबाई म्हणाल्या होत्या. मायेनेच म्हणाल्या होत्या. मुलगी होती, एवढंच तिला कळलं.

“तू येशील आणि समोर पिल्लं वळवळताना दिसतील,” मामा आता खाली बघत बोलत होते. “माझ्या जिवाला बरं वाटेना. म्हणून इकडं आत हलवली. पण हेळसांड नाही केली हां! पाण्याची वाटी रोज काठोकाठ भरत होतो.”

वाटी.

हिरवी वाटीला तोंड लावत नसे. पानावरचे थेंब तेवढे टिपायची. म्हणून ती स्वतः रोज सकाळी पिंजऱ्यातल्या पानांवर फवारा मारायची. हौदावर जन्म गेलेल्या माणसाला हे सुचणार कुठून? आणि आपण तरी जाताना कुठे सांगून गेलो?

“गेली?”

“पहाटे. पिल्लं झाली आधी. पण एकही...” मामांनी दाराआडून पत्र्याचा डबा उचलला. “पुरून येतो. तू नको बघूस. माझं ऐक, पोरी.”

“मामा, तिकडंही मला कुणी बघू दिलं नाही.”

मामांनी डबा तिच्या हातात दिला.

तिने जमिनीवर ओला पंचा अंथरला. आधी हिरवीला ठेवलं, लांबच लांब, सरळ. कातडीला सुरकुत्या पडल्या होत्या. मग पिल्लं. दोरीच्या सुटलेल्या पेडाएवढी, पण नाक आईसारखंच टोकदार, डोळ्यांत बाहुल्या तशाच आडव्या. सापांना पापण्या नसतात. सगळी उघड्या डोळ्यांनीच पडली होती.

“बोल की मला काहीतरी,” मामा म्हणाले. “शिव्या तरी दे.”

“रोज भरत होतात ना वाटी,” ती म्हणाली.

मामा तिच्याजवळ उकिडवे बसले. ती एकेक पिल्लू उचलून सरळ करत होती. घाई नव्हती. शेवटच्या पिल्लाची अंगाचीच गाठ बसली होती. तिने ते तळहातावर घेतलं आणि अंगठ्याने हळूहळू सोडवलं.

“यांचं आईवाचून काही अडत नाही, मामा. जन्मल्या जन्मल्या आपली आपण फांदीवर चढून निघून जातात.”

“असं?”

“हं,” ती म्हणाली, आणि ते पिल्लू तिने आईच्या कुशीला लावून ठेवलं.