आकडा मी टाकला नाही

मी एक जुना माऊस आहे. शेपटीवाला, म्हणजे वायरचा. माझ्या डाव्या बटणाला तडा गेलाय आणि त्यावर चिकटपट्टी लावलीय. हा तडा कसा गेला, ते सांगायलाच मी आज तोंड उघडलंय, मित्रांनो. आधीच सांगून ठेवतो, मी रागात आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर शेजारच्या पेनस्टँडकडे जा. त्याला आजवर कोणी आपटलेलं नाही.

कारखान्यात माझी बटणं दाबून बघितली, पोटावर 'पास'चा शिक्का मारला आणि मला खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते नकाशांच्या ऑफिसात. इथे घरांचे, शाळांचे, दुकानांचे नकाशे कॉम्प्युटरवर काढतात. तीन टेबलं, एक खिडकी आणि कायम कागद अडकणारा प्रिंटर. मला ताईचं टेबल मिळालं, आणि पहिली सात वर्षं माझी मजेत गेली.

ताईचा हात हलका. काही अडलं की ती आधी माझ्यावरून हात काढायची, चष्मा वर सरकवायची आणि म्हणायची, "थांब, माझंच काहीतरी चुकतंय." खोलीत रंग भरला जात नाहीये? ती कोपऱ्यात झूम करून करून बघायची आणि दोन रेघांमध्ये केसाएवढी फट सापडायची. भिंत गायब झालीय? कोणीतरी तिची लेयर बंद करून ठेवलेली असायची. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. एकावर भिंती, एकावर खांब, एकावर दारं. जे हलता कामा नये, त्या कागदाला कुलूप लावता येतं. ताई खांबांना हमखास कुलूप लावायची. चुकून कोणाचा धक्का लागायला नको, म्हणून.

आणि आमचे साहेब! ऑफिस त्यांचं, नाव त्यांचं, घाईही त्यांचीच. अधूनमधून ते ताईच्या खुर्चीत बसायचे, आणि काही अडलं की त्यांना स्वतःची चूक दिसायचीच नाही, मी दिसायचो. रेघ सरकली नाही, आपट माऊस. रेघ तुटली नाही, आपट माऊस. "ह्या डबड्याने जीव नकोसा केलाय!" अहो, रेघेला कुलूप आहे, ते उघडा ना! पण माझं ऐकतो कोण?

आता त्या मंगळवारचं सांगतो. ताईच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून ती रजेवर होती. एका शाळेच्या वरच्या मजल्यावर गॅलरीला रेलिंग बसवायचं होतं. नकाशात दोन खांबांमध्ये २९४० मिलिमीटर होते. बांधून झाल्यावर मोजलं तर ३००० भरले. म्हणजे नकाशातला खांब साठ मिलिमीटर सरकवायचा आणि रेलिंग तेवढं लांबवायचं. कुलूप काढलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

साहेब ताईच्या खुर्चीत बसले. खांब ओढला, हलला नाही. रेलिंग ओढलं, तेही हललं नाही, कारण तेही त्याच कुलूपबंद कागदावर होतं. तिसऱ्यांदा ओढलं आणि मग मला उचलून असं आपटलं की माझं बटण कडकन वाजलं. हाच तो तडा. पण त्यानंतर त्यांनी जे केलं, त्याचा राग मला तड्याहून जास्त आहे.

नकाशातली मापं वेगळ्या, बिनकुलपाच्या कागदावर असतात, आणि ती कॉम्प्युटर स्वतः रेघ मोजून लिहितो. रेघ वाढली की आकडा आपोआप वाढतो. पण आकड्यावर दोन टिचक्या मारल्या, तर तो पुसून वर हाताने वाट्टेल ते लिहिता येतं. रेघ तेवढीच राहते, आकडा मात्र खोटं बोलतो. साहेबांनी दोन टिचक्या मारल्या, त्याही माझ्याच फुटक्या बटणाने, आणि कीबोर्डवर दाबलं ३०००. "झालं काम," म्हणाले आणि फाईल वर्कशॉपला पाठवून मोकळे झाले.

वर्कशॉपचं कापायचं मशीन आकडा वाचत नाही, रेघ वाचतं. त्याने २९४० चं रेलिंग कापलं. बसवायला गेले तर एका टोकाला साठ मिलिमीटरची फट, ते टोक खांबाला टेकेचना. वर वावरणार सगळी लहान पोरं!

ताई रजेवरून परतली होती, तेव्हा शाळेच्या मोठ्या बाई तडक ऑफिसात आल्या. सोबत रेलिंग करणारे वेल्डरमामा होते. साहेबांनी ताईकडे बोट दाखवलं. "फाईल हिची आहे. मी किती ठिकाणी लक्ष देऊ? ताई, तुम्ही उद्यापासून येऊ नका."

ताईचा तळवा माझ्यावर होता.  बारा वर्षांची नोकरी, घरी डोळ्याला पट्टी लावलेली आई. मला वाटलं, ही आता रडणार. पण तिने सवयीप्रमाणे हात उचलला, चष्मा वर केला आणि म्हणाली, "थांबा. माझं चुकलं असेल तर मी जाईन. आधी बघू द्या."

तिने रेघ मोजली. २९४०. वर लिहिलेलं ३०००. तिने तो हाताने लिहिलेला आकडा पुसला आणि खालून खरा आकडा वर आला. २९४०.

 साहेबांनी मला शेपटीला धरून वर उचललं. "हे बघा, फुटका माऊस! एकदा दाबला की दोनदा दाबला जातो. यानेच घोळ घातला."

"साहेब," ताई म्हणाली, आणि तिचा एवढा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, "माऊसला आकडे टाईप करता येत नाहीत!"

 मग वेल्डरमामांनी डोकं खाजवलं. "पण साहेब, फाईल तुम्हीच पाठवली होती की. मंगळवारी. फोनवर म्हणालात, ताई रजेवर आहे, मीच बसलोय तिच्या जागेवर."

मोठ्या बाई म्हणाल्या, "रेलिंग नवीन करून द्या. आणि या बाईंनी तपासल्याशिवाय मी कशावरही सही करणार नाही." ताईची नोकरी राहिली. साहेब एवढंच म्हणाले, "होतं असं कधी कधी." चुकलं माझं, असं म्हणाले नाहीत. तिलाही नाही आणि मलाही नाही.

मित्रांनो, मला पुसू नका, जपू नका, चालेल. पण काही अडलं तर आधी कुलूप बघा, आणि रेघ चुकली असेल तर रेघच सरकवा. वर खोटा आकडा लिहून दुसऱ्याच्या नावावर ढकलू नका. कोणाच्या तरी घरची चूल त्या आकड्याखाली असते.

साहेबांनी स्वतःच्या टेबलाला नवा माऊस आणलाय. चकचकीत, बिनशेपटीचा. परवा तिकडून आवाज आला, धाड्! आणि पाठोपाठ, "ह्या डबड्याने जीव नकोसा केलाय!" ताईने मान वर केली, माझ्यावरचा हात काढला आणि इथूनच म्हणाली, "साहेब, कुलूप बघा."