भोंगा काढलेलं विमान

“हे नको घेऊस, दादा,” वासिली विमानाच्या शेपटीखाली वाकून म्हणाला. “आतून सडलंय.”

“न बघताच?” फेक्लाने विचारलं.

“बघून झालं.” त्याने खिशातून टोच्या काढला, शेपटीच्या सांगाड्यातल्या सगळ्यात खालच्या लोखंडी नळीवर टेकवला आणि जरासा दाबला. टोच्या कापडासकट आत घुसला आणि गंजाचं लाल पाणी टपटप गळायला लागलं. विकणारा बाप्या ढगांकडे बघत बसला.

वासिली एकसष्टीचा, विमानांचा मिस्त्री, डोक्यावर एक काळा केस नाही. फेक्ला तेवीस वर्षांची पोर. हा म्हातारा तिला दादा म्हणतो आणि ती खुशाल त्याला ‘धाकट्या’ अशी हाक मारते. आमच्या नुशागाक नदीकाठी याचं कुणाला हसू येत नाही. वासिलीचा थोरला भाऊ मीसाक गेला आणि महिनाभरात फेक्ला जन्मली. त्यांच्या आईनेच बाळाच्या ओठांना पाणी लावून तिला मीसाकचं नाव दिलं. नाव आलं म्हणजे माणूस आला. कागदावर ती फेक्ला, पण म्हातारीचा ती लेकच. मीसाकला सॅमन माशाचं डोकं आवडायचं, म्हणून म्हातारी मरेपर्यंत पोरीला ते भरवत राहिली. पोरीला माशाचा वासही सोसत नाही, पण ती मुकाट्याने गिळायची.

मी थेल्मा. मी मूळची इथली नव्हे. माशांच्या कारखान्यात कामाला म्हणून नवऱ्याबरोबर आले. नवरा दोन हिवाळ्यांत कंटाळून पळाला, मी राहिले. तंबू शिवायचे, ते बघून वासिलीने विचारलं, विमानाला कापड चढवशील का? तेव्हापासून त्याच्याच शेडमध्ये आहे.

फेक्लाने दोन वर्षं दुसऱ्याची विमानं चालवली होती. आता तिला स्वतःचं हवं होतं. नदीतल्या गोट्यांच्या पट्ट्यांवर उतरायचं, शिकाऱ्यांना न्यायचं, मूस हरणाचं मांस गावातल्या म्हाताऱ्यांच्या घरी पोचवायचं. तिचा डोळा एका चार आसनी धुडावर होता.

“इंजिन बघ ना त्याचं, धाकट्या! काय ताकद आहे!”

“इंजिन बघून विमान घेणारे नदीतच सापडतात,” वासिली म्हणाला. “तुझा पट्टा केवढा? आपल्या शेडच्या तिप्पट. त्यावर उतरायला काय, हे धूडही उतरेल. परत उडणार कोण, तुझा आजा? ते बघ, त्या टोकाचं.”

त्या टोकाला दोन आसनांचं, कापडी अंगाचं, माझ्याहून वयाने मोठं विमान उभं होतं. रंग उडालेला, एक चाक बसलेलं. वासिलीने त्याची प्रत्येक नळी टोचून पाहिली. टोच्या कुठेही शिरला नाही.

“यात मांस किती मावणार?” फेक्लाने तोंड वाकडं केलं.

“चार फेऱ्या मार. म्हाताऱ्यांना दात कुठे आहेत घाई करायला?”

ती हसली आणि तेच विमान घेतलं.

मे महिन्यात काम सुरू झालं. जुनं कापड मी सोलून काढलं. वासिलीने पुढचे पाय लांब केले आणि त्यांना गुडघ्याएवढी मऊ चाकं बसवली, गोट्यांवर दबून बसतील अशी. पंखांच्या पाठीवर नखाएवढ्या पत्र्यांची रांग चिकटवली. त्यामुळे विमान अगदी हळू उडालं तरी पंख हवा सोडत नाही. आणि मग वजन कमी करणं. वासिलीची एक रीत आहे. विमानातून निघालेली प्रत्येक वस्तू तो मासे तोलायच्या काट्यावर टाकतो आणि आकडा मोठ्याने म्हणतो. सतरंजी, राखदाणी, मागच्या आसनाची पाठ, दारांचे पत्रे. फेक्ला प्रत्येक आकड्याला टाळ्या वाजवायची.

“धाकट्या, आता तू मागे बसायच्या आधी चार दिवस उपास कर!”

“मी नाहीच बसत,” वासिली म्हणायचा. तेवीस वर्षांत तो कुठल्याही विमानात बसलेला नाही.

त्या दिवशी मी डाव्या पंखाच्या कापडावरून इस्त्री फिरवत होते. कापड गरम झालं की आवळतं आणि चांगलं ताणून बसतं. फेक्ला पंखाखाली उताणी पडून पान्याने बोल्ट आवळत होती. तिथूनच ती म्हणाली, “आणि हा भोंगा काढून टाक. मूसभोवती फिरायला लागलं की मेला तान्ह्या पोरासारखा रडतो.”

 वासिलीचा हातोडा वरच थांबला.

विमान हवेत फार हळू झालं, आता पडणार असं झालं, की हा भोंगा वाजतो. पंखाच्या पुढच्या कडेला बोटभर फट असते, तिच्यातून त्याला हवा मिळते. आणि ‘मेला तान्ह्या पोरासारखा रडतो’ हे शब्द मी आधी ऐकले होते. मीसाकने याच शेडमध्ये म्हटले होते. तेव्हा इथे आम्ही तिघंच होतो, आणि आमच्यापैकी कुणी ते पुन्हा कधी उच्चारले नव्हते. या पोरीला कुणी सांगितले?

लपवून काय करू, मीसाक मला आवडायचा. मला ‘थेल्मे’ म्हणणारा तो एकटाच. त्याने म्हटलं, भोंगा काढा, आणि वासिलीने काढला. काट्यावर टाकला तर एका बांगड्याएवढं वजन भरलं नाही. राहिलेल्या फटीवर मी कापड लावलं, इस्त्री केली, रंग दिला. माझं काम असं सफाईचं की बोट फिरवलं तरी फट कळू नये. मीसाकने त्यावर बोट फिरवून मला शाबासकी दिली होती.

दहा दिवसांनी त्याला विलोच्या झुडपात मूस दिसला. आमच्याकडचे वैमानिक वादळात मरत नाहीत, मूस बघताना मरतात. नजर खाली, घिरटी आणखी लहान, वेग आणखी कमी. भोंगा असता तर रडला असता. विमान कोसळलं आणि जळून गेलं. सरकारी माणसाने वैमानिकाची चूक असं लिहिलं आणि गेला. दफनाच्या वेळी आई एवढंच बोलली, “माझ्या लेकाचे कान तर चांगले होते.”

त्यानंतर वासिलीने कुणाचाच भोंगा काढला नाही. लोक त्याला भित्रा म्हणायचे. शेडच्या पत्र्याच्या भोकातून वारा शिरला की भोंग्यासारखा बारीक सूर निघायचा. तो निघाला की वासिली काम टाकून बाहेर जाऊन उभा राहायचा. मी सगळी भोकं बुजवली, तरी वारा सुटला की तो जायचाच. आम्ही दोघं यावर चकार शब्द बोललो नाही.

“नाही काढणार,” वासिली म्हणाला.

“अरे, वजन—”

“वजन गेलं चुलीत!”

फेक्ला पंखाखालून बाहेर आली. कमरेवर हात ठेवले, मान जराशी डावीकडे, अगदी मीसाकसारखी. मी बघू शकले नाही. “धाकट्या,” ती म्हणाली, “मी सांगतेय ना?”

वासिली मटकन खोक्यावर बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. दर वाक्याला ‘मी’. मी काढला, मी गप्प बसलो. माझं नाव त्याने घेतलंच नाही. शेवटी मीच म्हणाले, “फट मी बुजवली.”

फेक्लाने डोळे मिटून घेतले.  तेवीस वर्षं वासिली या पोरीच्या तोंडाकडे बघत आला होता, आज हिला आठवेल, उद्या आठवेल आणि ही जाब विचारेल म्हणून. तिने चालायला सुरुवात केली तेव्हा, बोलायला लागली तेव्हा, दर वाढदिवसाला.

“मला आठवत नाही रे,” ती म्हणाली. “खरंच काही आठवत नाही.”

वासिलीचा चेहरा असा पडला की मला बघवेना.

“इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?”

“तू लहान होतीस ना, दादा.”

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, “ऊठ. उभा राहा.”

तो उभा राहिला. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

“मी सांगितलं म्हणून काढलास? अक्कल गहाण टाकली होतीस? मिस्त्री तू की मी? उद्या म्हणेन पंख काढ, काढशील? थोरला मूर्खासारखं बोलला तर धाकट्याने नाही म्हणायचं असतं, गाढवा! आणि आईला सांगितलं नाहीस! म्हातारी रडून रडून गेली, आणि तू तिच्यासमोर बसून चहा प्यायचास! लाज नाही वाटली?” तिचा आवाज फाटला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती थांबली नाही. जे जे तोंडाला येईल ते बोलली.

एकसष्ट वर्षांचा वासिली खाली मान घालून, टोपी पोटाशी धरून उभा होता. “चुकलो,” तो म्हणत होता. “चुकलो, दादा.” रडत होता, नाक ओढत होता, आणि त्याचा ताठरलेला खांदा, जो मी इतकी वर्षं बघत आले, तो हळूहळू खाली येत होता.

मग तिने त्याला जवळ घेतलं. “भोंगा राहू दे,” म्हणाली. “चल, चहा घेऊ.”

मी इस्त्री पंखावर तशीच धरून थांबले होते. माझी पाळी येईल म्हणून थांबले होते. तिने मलाही काय वाटेल ते बोलावं, हाताला लागेल ते मारावं. फेक्ला माझ्याजवळ आली, पंखाकडे पाहिलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, “थेल्माबाई, तुमचं कापड जळलं बघा. तुम्ही पण या हं चहाला.”

थेल्मे नव्हे, थेल्माबाई. मी होकार दिला. ती दोघं गेली. जळलेला तुकडा मी कापून काढला आणि त्या जागी नवा बसवायला घेतला.