पांढऱ्या बोटीचा फोटो

मासे धरायला जायचं तर गाईड पाहावा, होडी काय पाहायची, असं गुरुशांतचं म्हणणं. शिवलीलाचं नेमकं उलट. पाच वर्षांची महू सोबत असताना मासा कुठं सापडतो याचं तिला काय कौतुक? होडी धड आहे का आणि पोरीच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, एवढंच तिला हवं होतं. यावरून सोलापुरातल्या त्या घरात बरेच दिवस धुसफुस चालली. गुरुशांतला उजनी धरणाच्या पाण्यावर गाईड म्हणून बिरुदेवच हवा होता. मित्रांत त्याचंच नाव. शेवटी बिरुदेवनं फोनवर फोटो धाडला. पांढरी, रुंद, फायबरची बोट. बाकावर केशरी जॅकेटं, त्यात एक चिमुकलं. शिवलीलानं फोटो मोठा करून करून पाहिला आणि हो म्हणाली. वर नवऱ्याला म्हणाली, उगाच तुमच्या जिवाला घोर लावला.

जेऊरला उतरून रिक्षानं ते काठावर पोचले, तर बिरुदेव पत्र्याच्या होडीतलं पाणी डब्यानं उपसत होता. पांढरी बोट पलीकडं उभी होती आणि तिच्यात दुसरीच मंडळी चढत होती. जॅकेटंही त्यांच्याच अंगावर.

आपली बोट ती ना, असं तिनं विचारलं. बिरुदेव हसला. यात लपवण्यासारखं काही आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"ती व्हय? ती माझ्या मेव्हण्याची. सायेबच म्हणाले की, आमची बाई होडी बघून माणूस ठरवती, तिचाच फोटू धाड."

"आणि लहान जॅकेट?"

"ते बी त्याचंच. काळजी नका करू वैनी, माझ्या होडीतनं अजून कुनी पडलं न्हाय."

गुरुशांत खाली मान घालून रॉडची दोरी सोडवत होता. पत्र्याची होडी तिनं एकवेळ सोडून दिली असती. पण हाच माणूस तिच्याशेजारी बसून फोटोवर बोट ठेवत म्हणाला होता, बघ, महूच्या मापाचंपण आहे. ती कशाला घाबरते हे त्याला पाठ होतं; म्हणूनच कशाला फसेल हेही.

"विचारलं असतं तर आली असतीस?" तो म्हणाला.

"नसते आले. म्हणून तर विचारायचं होतं."

आता इथवर आलोय तर तमाशा नको, असं पुटपुटत तो पाण्यात उतरला आणि महूला घ्यायला त्यानं हात पुढे केले. तापानं फणफणलेली पोरसुद्धा तिनं त्या हातांत बिनघोर दिली होती. आज तिनं महूचं मनगट सोडलं नाही.

"यांना न्या," ती बिरुदेवला म्हणाली.

गुरुशांत गुडघाभर पाण्यात थबकला. आता रॉड खाली ठेवेल, असं तिला वाटलं. तो होडीत चढला.

वळून निघालेल्या रिक्षावाल्याला तिनं हाक मारली. थांबा म्हणाली, आम्ही दोघी परत येतोय.