अडलं तर राहीन

तंत्रनिकेतनात तिला सगळे ‘सबकुछ बाई’ म्हणायचे, आणि त्यात काही खोटं नव्हतं. सुरुवातीला पत्र्याच्या दोन खोल्या, एक लेथ मशीन आणि माणसं इनमीन पाच. लागली कारकून म्हणून, पण प्रवेश तिने द्यायचे, परीक्षेचे पेपर तिने मोजायचे, शिपाई आला नाही तर घंटाही तिनेच बडवायची. जिथे प्राचार्य स्वतः झाडू मारत, तिथे ही कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? काय दिवस होते ते! कामाने कंबरडं मोडायचं आणि हसून हसून पोट दुखायचं.

रजा म्हणून काही नसायचीच. चुकून घरी राहिली, की चहा निवायच्या आत दारात कुणीतरी हजर. "बाई, तेवढं जरा..." लेक झाली तेव्हा प्राचार्य दवाखान्यात आले, बाळ गोड आहे म्हणाले आणि पिशवीतून प्रवेशअर्ज काढले. तिने ते पाळण्याशेजारी बसून तपासले. नवरा बिचारा कपाळाला हात लावून बसला होता.

"माणसं द्या हो, माणसं द्या," म्हणून तिने वर्षानुवर्षं घसा कोरडा केला. शेवटी कॉलेज वाढलं, मजल्यावर मजले चढले आणि माणसं आली. प्रवेशाला वेगळा विभाग, परीक्षेला वेगळा, भरतीला वेगळा. तिला काचेची केबिन मिळाली. तिथे बसून ती दुपारभर पंख्याकडे बघायची.

निवृत्ती तोंडावर आली, तेव्हा संचालकांनी विचारलं, मुदतवाढ घेता का? तिकडे लेक हात धुऊन मागे लागलेली. "बाबा गेल्यापासून एकटी आहेस. आता माझ्याकडे ये."

बाईने तोडगा काढला. एक दिवस रजा. "माझ्यावाचून अडलं तर राहीन. नाही अडलं तर तुझ्याकडे."

"चालेल," लेक म्हणाली, आणि तीही रजा टाकून आईकडे आली.

त्या दिवशी बाई सकाळीच ठेवणीतले कपडे घालून बसली.

"कुठे निघालीस?" लेकीने विचारलं.

"कुठे नाही. घरात माणसाने नीट राहू नये?"

दोनदा फोन उचलून चालू आहे का ते पाहिलं. जिन्यात पावलं वाजली तशी ताडकन उठली. शेजारचे होते.

"आई, कुणावाचून कुणाचं अडत नसतं गं."

"गप्प बस. तुला काय कळतंय!"

दुपार टळली. दाराकडे तोंड करून बसलेली बाई एकदम म्हणाली, "एकालासुद्धा नाही का गं लागत मी?"

लेकीचं हसू मावळलं. ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

थोड्या वेळाने फोन वाजला. भांडारातला नवा कारकून होता. "मॅडम, माफ करा हं, भारीच अडलंय. भांडाराची किल्ली कुठे असते?"

बाईची पाठ ताठ झाली. "बघ! मी म्हटलंच होतं..." आणि ती थांबली. भांडाराचं कुलूप कधीच मोडीत गेलं होतं. तिच्याच सहीने. आता ते दार कार्डाने उघडायचं, आणि हा बाबा त्याच दाराला खेटून बसायचा.

तिने मान वळवली. लेक आतून येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पुसून कोरडा झालेला कप पुन्हा पुसत होती आणि आईकडे बघत नव्हती. हीच पोर लहानपणी दार वाजलं की रडायची, "त्या कॉलेजला आग लागो!" म्हणायची. आज तिनेच कॉलेजला घरी बोलावलं होतं. हरायची तयारी ठेवून.

बाईला भरून आलं. पण तिने ताकास तूर लागू दिली नाही.

"असं कर," ती फोनवर म्हणाली, "प्राचार्यांच्या खोलीत, खिडकीवरच्या खिळ्याला बघ. नाही सापडली तर खुशाल फोन कर."

"वाचवलंत मॅडम."

"पुरे, पुरे. कामाला लाग."

तिने फोन ठेवला. "बघ, अडलं की नाही?"

"अडलं गं बाई," लेक म्हणाली. "मग राहणार ना तू इथेच?"

बाईने तिच्या हातातला कप काढून घेतला आणि तिला जवळ ओढलं.

"जिंकले ना मी? फिटली माझी हौस. आता ती कपाटावरची मोठी बॅग काढ. माझा हात पुरत नाही."