रॅम्पची कड

१५ मार्च, शनिवार, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. मीटरवर ८६,४१२ किलोमीटर. गाडीच्या पुढच्या चाकांसमोर दोन लोखंडी रॅम्प मांडले, मागच्या चाकांसाठी लाकडी ठोकळे काढून ठेवले आणि इंजिन पाच मिनिटे चालू ठेवले. ऑइल कोमट झाले म्हणजे पातळ होते आणि तळाचा गाळ सोबत घेऊन उतरते.

हे रॅम्प मी लग्नाच्या वर्षी स्वतः वेल्डिंग करून बनवले. माथ्यावर चाक बसण्यापुरता खळगा आणि चाक त्यापुढे जाऊ नये म्हणून आडवी कड. कडेसाठी पट्टी कमी पडली, म्हणून ती जेमतेम दोन बोटे उंच राहिली. हिने तेव्हाच नाक मुरडले होते.

"अहो, एवढीशी कड? त्यापेक्षा मीच उभी राहते."

तेव्हापासून दर वेळी ही भिंतीजवळ, चाक नीट दिसेल अशी उभी राही. "या, या, या" म्हणत हाताने मला वर घेई आणि चाक खळग्यात बसताच तळहात दाखवून म्हणे, "बास!" कड उंच करण्याची गरज पुढे कधी भासली नाही.

गेली दोन वर्षे हिचे शब्द एकेक करून गळत आहेत. आधी वस्तूंची नावे गेली, मग माणसांची. मागच्या महिन्यात गॅस उघडा टाकून ही घराबाहेर पडली आणि पलीकडच्या रस्त्यावर अनवाणी सापडली. लेकीने खटपट करून अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या एका केंद्रात जागा मिळवली. रविवारी हिला तिथे पोहोचवायचे होते आणि ऑइल त्याच प्रवासासाठी बदलायचे होते. तरीही मी चहाच्या वेळी लेकीला सांगून टाकले, "हिने वेळेवर 'बास' म्हटलं, तर उद्याचं रद्द. मी हिला घरीच सांभाळीन."

"म्हणजे आईची तोंडी परीक्षा घेणार?"

"तोंडी नव्हे, प्रॅक्टिकल."

"आणि परीक्षक तुम्हीच! मग निकाल आधीच फुटला की, बाबा."

ती हसली, कप विसळायला उठली, आणि दोन कपांसाठी नळ बराच वेळ वाहत राहिला.

लेक हिला धरून भिंतीजवळ उभी राहिली. मी गाडीत बसलो. ड्रायव्हरच्या जागेवरून रॅम्प दिसत नाहीत. दिसते ते फक्त बॉनेट आणि समोरचा माणूस.

"काय करायचंय?" हिने विचारले.

"बाबांना वर घ्यायचंय, आई. नेहमीसारखं."

हिने रॅम्पकडे पाहिले, चाकाकडे पाहिले, आणि स्वेटरच्या बाह्या वर सारल्या. हात उचलला गेला.

"या. या. सावकाश. जरा डावीकडं... हां. या."

मी खिडकीतून वाकून पाहिले, चाक खरोखरच उजवीकडे सरकले होते. मी ओरडलो, "ऐकलंस ना, पोरी? डावीकडं म्हणाली!" लेकीने डोळे पुसलेले मला दिसले.

बॉनेट वर चढत गेले, मग सपाट झाले. चाके खळग्यात बसली. त्या वेळी गाडीला बसणारा हलका हिसका माझ्या पाठीला चांगला ओळखीचा आहे. पाय ब्रेककडे गेला. पण हिचा हात अजून बोलावत होता.

"या, या."

मी तिथेच थांबलो असतो, तर परीक्षा संपली असती आणि निकाल लागला असता. म्हणून मी हिला आणखी थोडी सवलत दिली. अ‍ॅक्सिलरेटरवर पायाचा किंचित भार टाकला.

"बाबा, ब्रेक!"

"या," ही म्हणाली.

पुढची चाके कड ओलांडून खाली आदळली आणि गाडीचे पोट रॅम्पवर टेकले. मी इंजिन बंद केले. त्या शांततेतही हिचा हात मनगटापासून हलत होता. थोड्या वेळाने ही खिडकीपाशी आली आणि वाकून म्हणाली, "लागलं का हो तुम्हाला? घाबरू नका. आमचे हे येतीलच आता. त्यांना गाडीतलं सगळं कळतं."

"असं?"

"फार चांगला हात आहे त्यांचा. फक्त कुणीतरी समोर उभं राहावं लागतं."

"मग थांबतो मी," मी म्हणालो. "येऊ देत त्यांना."

आवाज ऐकून शेजारचा प्लंबर जॅक घेऊन धावत आला. "काका, या वयात गाडीला उड्या शिकवताय? आधी सांगितलं असतं तर तिकीट काढून आलो असतो!" मग लेकीचा चेहरा पाहून तो खाली वाकला आणि जॅक लावू लागला. एकेक बाजू उचलून आम्ही चाके पुन्हा खळग्यांत बसवली आणि मागच्या चाकांना ठोकळे लावले. ऑइलचे चेंबर शाबूत होते. खालच्या पत्र्यावर एक लांब ओरखडा, एवढेच. बोल्ट काढला, काळे ऑइल परातीत उतरू दिले, फिल्टर बदलला, नवा वायसर घालून बोल्ट आवळला. ठोकळे काढून, इंजिन बंदच ठेवून गाडी खाली ढकलली ती लेकीच्या इशाऱ्यावर.

नवे ऑइल ओतताना नरसाळे लेकीने धरले होते. माझे लक्ष पायरीवर बसलेल्या हिच्याकडे होते. कॅन तिरकाच राहिला. लेकीने माझे मनगट धरले.

"बास, बाबा."

मी कॅन खाली ठेवला आणि झाकण फिरवून घट्ट केले.

"बॅग भरलीस हिची?" मी विचारले.

"कालच भरली."

रविवारी ही वाटभर खिडकीबाहेर पाहत होती. लेक तिच्या गाडीने आमच्या मागोमाग आली आणि पहिली रात्र आईजवळ राहणार म्हणून तिथेच थांबली. केंद्राच्या फाटकातून मी गाडी मागे घेऊ लागलो, तेव्हा परिचारिकेशेजारी उभ्या असलेल्या हिने चाकाकडे पाहिले. हात उचलला गेला. काच बंद होती, पण ओठ हलताना दिसले. या, या, या. मी गाडी मागेच घेत राहिलो.

घरी पोहोचलो तेव्हा मीटरवर ८६,५३६ किलोमीटर झाले होते. नव्या ऑइलवर गाडी एकूण १२४ किलोमीटर चालली. त्यातले पहिले ६२ आम्ही दोघे होतो.