खूण वरच राहू दे

“अंडं जसं पडलंय तसंच उचलायचं. वरच्या अंगाला पेन्सिलनं बारीक खूण करायची, आणि ती खूण कधी खाली जाऊ द्यायची नाही. उलटलं की आतला जीव गुदमरतो. ऐकतेस ना, चिमे?”

दादाचं हे बोलणं साडेतीन वर्षं तिच्या कानात जसंच्या तसं होतं. तेव्हा ती शिलाई मशीनवर बसली होती. पेन्सिल कशाला, माझ्याकडे कापडाचा खडू आहे की, असं ती थट्टेनं म्हणाली होती. खडू पुसतो, असं सांगून दादानं तिच्याकडून वचनच घेतलं. दुसऱ्या दिवशी तो परदेशी नोकरीवर गेला.

जाताना त्यानं कासवांच्या जोडीतला नर बरोबर नेला. मादी आजारातून नुकतीच उठली होती, म्हणून तिला पुढच्या खेपेला न्यायचं ठरलं. ही कासवं मुळात दूरच्या एका बेटावरची. दादानं तळहाताएवढी असल्यापासून वाढवलेली. मादीला घरात मावशी म्हणत. कुणी आलं की ती मान काढून त्याला नखशिखांत न्याहाळायची आणि मगच पानाला तोंड लावायची, म्हणून.

पुढची खेप झालीच नाही. चार महिन्यांत त्या कासवांचं नाव नामशेष होत चाललेल्या प्राण्यांच्या यादीत गेलं. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी नोंद करायची; विकायचं नाही, सरहद्दीपार न्यायचं नाही, आणि आईबाप दोघांचे कागद असल्याशिवाय घरी पिल्लं वाढवायची नाहीत. तिनं नोंद केली, मावशीच्या नावे शिक्क्याचं पत्र आलं. नर आधीच गेलेला, त्याचा कुठेच कागद नव्हता. रानातून पोत्यांनी कासवं उचलून नेत होते, ते थांबावं म्हणून हा नियम झाला होता, आणि तो चांगलाच होता, हे तिला पटत होतं. पण मागच्या अंगणात मावशी रोज संध्याकाळी नराच्या झोपायच्या कोपऱ्याशी जाऊन थांबायची, तेव्हा पटलेलं सगळं कुठच्या कुठे जायचं.

दादानं एक वाट काढली होती. त्याच्या ओळखीची एक बाई जाऊन येऊन असते, तिच्या सामानात कपड्यांच्या घडीत मावशीला दे, म्हणाला. हिनं नाही म्हटलं. लहानपणापासून रोज सकाळी ती देवाकडे एवढंच मागायची, की जिभेवर आणि हातावर खोटं येऊ देऊ नकोस. “जिवाला कागद लागतो का गं?” एवढं विचारून दादानं फोन ठेवला, आणि दोन वर्षं उचललाही नाही.

तिनं मात्र दर वर्षी त्याच्यासाठी एक सदरा शिवला. माप जुनंच होतं. तो वाळलाय की भरलाय कोण जाणे, म्हणून आत शिवणीला कापड जास्त सोडायची. तीन सदरे कपाटात घडी होऊन पडले होते.

अशात एके सकाळी मावशीनं अंगणातली माती उकरून चार अंडी घातली. नर जाऊन साडेतीन वर्षं झालेली. पोकळच असणार, असं ती मनाशी म्हणाली. तरी पेन्सिल शोधली, चारही अंड्यांवर खूण केली, ओलसर वाळूच्या डब्यात ती अलगद ठेवली आणि डब्याला ऊब दिली. पुढे एक दिवस अंड्याला न हलवता बाजूनं टॉर्च धरला, तर आत तांबड्या दोऱ्यांसारख्या बारीक शिरा दिसल्या. शिवणाऱ्या बाईला दोरा ओळखू येणार नाही का?

मावशीची नोंद जिथे झाली होती त्या कचेरीत ती खरं सांगायला गेली. नर कुठाय, कारकुनानं विचारलं. परदेशात, साडेतीन वर्षं. “मग अंडी काय टपालानं आली, बाई?” तो हसला. शेजारच्या टेबलावरची जनावरांची डॉक्टरीण मात्र हसली नाही. नराचं बीज मादी वर्षानुवर्षं पोटात जपून ठेवते, असं तिनं सांगितलं. पण बापाचा कागद नाही, तेव्हा आठ दिवसांत अंडी सरकारी केंद्रात द्यायची. तिथे पिल्लं निघतील, वाढतील, कधीतरी त्यांच्या बेटावर जातील. न दिली तर अंडी जप्त होतील आणि मावशीही जाईल.

घरी येऊन तिनं दादाला लिहून कळवलं. तासाभरात त्याचाच फोन आला.

तो म्हणाला, “नर गेला, चिमे. गेल्या वर्षी. तुला सांगायला तोंड नव्हतं.” आणि घाईघाईनं पुढचं सांगू लागला. ती बाई येत्या आठवड्यात तिकडे येतेय, अंडी पोटाशी बांधून आणेल, कुणाला पत्ता लागणार नाही, नराची तेवढीच आठवण राहील.

तिचा जीव तुटला. हो म्हटलं असतं तर दादा परत मिळत होता. समोर डबा होता, चार खुणा वर बघत होत्या.

“दादा,” ती हळूच म्हणाली, “पोटाशी बांधलेलं अंडं इतक्या प्रवासात सरळ राहील?”

खोटं बोलणं त्याला जमलं असतं, पण कासवाच्या अंड्याबद्दल नाही.

“नाही राहणार,” तो म्हणाला.

“मग मी केंद्रात नेते. मांडीवर ठेवून. खूण वरच राहील.”

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. मग जुना दादा बोलू लागला. डब्याभोवती टॉवेल गुंडाळ, बसमध्ये मागच्या बाकावर बसू नकोस, तिथे हादरे फार, उन्हात थांबू नकोस. ती प्रत्येकाला हो म्हणत गेली. कधी येशील, हे तिनं विचारलं नाही. फोन ठेवता ठेवता तोच म्हणाला, “माझं माप ठेवलंयस ना गं? कमरेत दोन बोटं वाढव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाला हात जोडून तिनं मावशीपुढे पानं ठेवली. मावशीनं तिला नखशिखांत न्याहाळलं. मग टॉवेलात गुंडाळलेला डबा दोन्ही हातांत धरून, कोपरानं फाटक लोटून ती बाहेर पडली. बसथांबा पाच मिनिटांवर होता. ती अर्धा तास आधी निघाली होती.